गुरुलिंगअप्पांचा डावा हात

उदगीरच्या बाजारात गुरुलिंगअप्पांचं भांड्यांचं दुकान माहीत नसलेला माणूस सापडायचा नाही, आणि सापडलाच तर तो कधी कुणाच्या लग्नाला गेलेला नसणार. आजूबाजूच्या गावांतली आहेराची भांडी अप्पांच्याच दुकानातून जायची आणि त्यांच्यावरची नावं अप्पा स्वतः घालायचे. विजेची बारकी मशीन हातात धरून, जीभ दातांत पकडून, डब्यावर 'मामाकडून सप्रेम भेट' असं ते कोरायला बसले की गिऱ्हाईक शेजारी उभं राहून बघत बसायचं. अप्पांना आपल्या अक्षराचा गर्व होता आणि तो लपवून ठेवावा असं त्यांना कधी वाटलं नाही.

गेल्या दोन-तीन वर्षांत मात्र ते अक्षर बारीक होत चाललं. ओळ सुरू व्हायची ठळक, आणि मामाच्या नावापर्यंत येईतो तिथं मुंग्या चालल्यागत दिसायचं. एका मामानं तर चारचौघांत सुनावलं, "अप्पा, पैशे म्या मोजले अन् माझंच नाव दिसंना की! नवरीला कळायचं कसं?" अप्पांनी मशीनला दोष दिला आणि नवी मशीन आणली. अक्षर आणखी बारीक झालं.

पण उजव्या हाताची ही कथा कुणी फार मनावर घेतली नाही, कारण तोवर अप्पांचा डावा हात गावभर गाजायला लागला होता.

अप्पा लिंगायत. रोज सकाळी आंघोळ करून कपाळाला भस्म लावायचं, गळ्यातल्या चांदीच्या डबीतलं इष्टलिंग काढून डाव्या तळहातावर घ्यायचं, त्याला पाणी घालायचं, बेल-फूल वाहायचं आणि मग एकटक त्याच्याकडं बघत बसायचं, ही त्यांची पोरवयापासूनची रीत. पूजा होईपर्यंत तोंडात पाण्याचा थेंबही जायचा नाही. तापानं फणफणले असताना, मुलीच्या लग्नाच्या धांदलीत, कुठंही हा नेम मोडला नव्हता. या पूजेतच हात कापायला लागला. पुढं धरला की जरा वेळ तो शहाण्यासारखा राहायचा, मग अंगठा आणि बोटं आपसूक हलायला लागायची आणि तळहातावरचं लिंग थरथरायचं.

श्रावणात मठात सगळ्यांची मिळून पूजा होती. शेजारच्या रांगेतल्या एका बाईची नजर अप्पांच्या हातावर गेली आणि ती किंचाळलीच, "अय्यो, बगा गं बया! अप्पांच्या हातात लिंग जागं झालंय!" कुणीतरी मोबाईल काढला. संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ उदगीरभर झाला, आणि आठवडाभरात निलंगा, देगलूर, मुखेड असा फिरून परत अप्पांच्याच मोबाईलवर आला.

आता खरं सांगायचं, तर अप्पांना त्याच वेळी बोलता आलं असतं. हात गल्ल्यावर बसल्यावरही कापतो, टीव्ही बघतानाही कापतो, लिंग डबीत असतानाही कापतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण सगळा मठ पाया पडायला उठला असताना 'बसा, बसा, मला काहीतरी दुखणं असंल' असं म्हणायला माणूस फार मोठा लागतो. अप्पा चांगले होते, पण तेवढे मोठे नव्हते. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, इथं तर उघड्या तळहाताचेच सव्वा लाख होत होते. लोक दुकानात यायचे, एखादा तांब्या घ्यायचे आणि म्हणायचे, "अप्पा, तेवढा हात ठेवा की डोक्यावर."

बायको नागम्मा तेवढी फसली नाही. चाळीस वर्षं ज्या माणसाचं ताट वाढलं त्याचा हात बाई ओळखणार नाही तर कोण ओळखणार? एके दिवशी मालिका बघता बघता तिनं विचारलं, "देव मालिका बगायलाबी येतो का हो तुमच्या हातात?"

"गप बस," अप्पा म्हणाले आणि त्यांनी हात उशीखाली घातला.

दिवाळीला लातूरहून मुलगी मंजुषा आली. ती शाळेत शिकवते, त्यामुळं कोण काय लपवतंय हे चेहऱ्यावरून ओळखायची तिला सवय. अप्पांना सदऱ्याची बटणं लावायला किती वेळ लागतो ते तिनं पाहिलं, चालताना एक हात हलतो आणि दुसरा अंगाला चिकटून राहतो तेही पाहिलं. पाडव्याला सगळे हसत होते, अप्पा तेवढे ढिम्म.

"अप्पा, तुम्ही हसत कामून नाहीत?"

"हसूनच तर राहिलो की!" अप्पा म्हणाले. आणि ते खरंच मनातून हसत होते. चेहऱ्याला मात्र त्याची खबरच नव्हती. भाऊबीज झाल्यावर तिनं दोघांना गाडीत घातलं आणि लातूरला मेंदूच्या डॉक्टरांकडं नेलं.

डॉक्टर धम्मप्रिया मंजुषाच्याच वयाच्या होत्या. अप्पांनी डावा हात खिशात ठेवला आणि उजवा पुढं केला. "ह्याचं बगा. अक्षर बारीक येऊन राहिलंय."

"आणि डाव्याचं?"

"डावा ठीक हाय. त्याचं येगळं हाय."

डॉक्टरांनी वाद घातला नाही. त्यांना बाहेरच्या पडवीत चालायला लावलं, अंगठ्यावर बोट आपटून बघायला सांगितलं, एक ओळ लिहून घेतली. मग दोन्ही हात मांडीवर ठेवायला लावून म्हणाल्या, "शंभरातून सात वजा करा, उरतील त्यातून परत सात, असं करत खाली या." व्यापाऱ्याला वजाबाकीचं काय भ्या? अप्पा झरझर उतरायला लागले, आणि आकड्याबरोबर मांडीवरचा डावा हात जोरजोरात हलायला लागला. नागम्माला राहवलं नाही. तिनं पूजेचं, मठाचं, व्हिडिओचं, सगळं सांगून टाकलं.

"पूजेत कसा धरता हात? तसाच धरा," डॉक्टर म्हणाल्या. अप्पांनी गळ्यातल्या डबीकडं हात नेला. "लिंग राहू द्या. नुसता हात."

अप्पांनी रिकामा तळहात पुढं धरला. जरा वेळ तो स्थिर राहिला, मग अंगठा हलला, बोटं हलली. रिकामा हात तसाच थरथरत होता, मठात थरथरला होता तसाच, आणि अप्पांना तो बघवेना.

"याला कंपवात म्हणतात, पार्किन्सन," डॉक्टर म्हणाल्या. "हालचाल सुरळीत राहावी म्हणून मेंदूत एक रसायन तयार होतं. ते तयार करणाऱ्या पेशी कमी कमी होत जातात. अक्षर बारीक होणं, चेहरा न हलणं, हात कापणं, ही सगळी एकाच घरची माणसं आहेत."

"बरा होतो का हो?" मंजुषानं विचारलं.

"मुळापासून नाही. पण ताब्यात राहतो. पूर्वी लोक म्हातारपण म्हणून कोपऱ्यात बसवायचे. आता चांगल्या गोळ्या आहेत, पुढं गरज लागली तर ऑपरेशनही आहे, आणि व्यायामाचा फार उपयोग होतो. माझे कितीतरी पेशंट शेती करतात, दुकान चालवतात." त्या अप्पांकडं वळल्या. "एकच सांभाळा. गोळी रिकाम्या पोटी घ्यायची, साध्या पाण्यासोबत, खायच्या तासभर आधी. दूध, दही, वरण यांच्याबरोबर घेतली तर ती नीट लागू पडत नाही."

परतीच्या वाटेवर अप्पा गोळ्यांची पुडी मांडीवर घेऊन बसले होते. दुखण्याची भीती होती, पण त्याहून मोठी भीती वेगळीच होती. गोळीनं हात थांबला तर? लोक म्हणतील, अप्पाच्या हातातून देव निघून गेला. आणि अप्पांचं स्वतःचं मनही अर्धंमुर्धं तेच म्हणत होतं. माणूस लोकांना फसवता फसवता आधी आपल्यालाच फसवतो. त्यांना हात शांतही हवा होता आणि कापतही हवा होता.

मग त्यांनी काय केलं, तर आपल्या नेमाचा आडोसा घेतला. पूजा झाल्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही, म्हणजे गोळीही नाही. पूजा झाली की नागम्मा चुरमुऱ्यांचा सुशिला वाढायची, वर पेलाभर दूध. घरात कुठलंही औषध दुधाबरोबर घ्यायची पद्धत, तशी ही गोळीही दुधाबरोबर पोटात जायची. गुण येईना. डॉक्टर मोबाईलवर व्हिडिओ कॉलवरून चौकशी करायच्या तेव्हा अप्पा सांगायचे, "टायमावर घेतो की. फरक न्हाई बगा." आणि हे सांगताना आतून त्यांना जरा बरंही वाटायचं. औषधाला दाद देत नाही, म्हणजे दुखणं नसेलच!

माघातली सकाळ. थंडी होती. अप्पा पूजेला बसले, लिंग तळहातावर घेतलं, बेल वाहिला, आणि हात असा काही जोरात हलला की लिंग सुटलं. खालच्या ताटावर आपटून ठण्णकन आवाज झाला. नागम्मा चुलीपुढून धावत आली. अप्पा ताटातल्या लिंगाकडं बघत बसले होते. आयुष्यात पहिल्यांदा ते हातातून पडलं होतं. लिंग अंगावरून वेगळं होणं म्हणजे जिवावरची गोष्ट, असं लहानपणापासून ऐकलेलं.

त्यांनी ते उचललं, पुसलं, डबीत ठेवलं आणि भिंतीला टेकून बसून राहिले. पूजा पुरी झाली नाही, म्हणून पाणी नाही, जेवण नाही. पुन्हा हातावर घ्यायची हिंमत नाही. "परत पडलं तर?" एवढंच ते नागम्माला म्हणाले. दुपार झाली तरी माणूस हलेना, तेव्हा नागम्मानं मठातल्या अमरेश स्वामींना फोन लावला.

स्वामी स्कूटरवरून आले. त्यांनी लिंग बघायला मागितलं, उजेडात धरून न्याहाळलं. "फुटलं का? तडा गेला का? न्हाई. मग उपाशी कामून बसलाव?"

"स्वामी अय्या, माझा हात..." अप्पांचा आवाज आताशा बारीक झाला होता, तो आणखी बारीक झाला. "मठातले लोक म्हनत्यात लिंग जागं झालं. डॉक्टरीण म्हनती दुखणं हाय. काय खरं समजू म्या?"

स्वामींनी लिंग परत डबीत ठेवलं. "लिंग हलत नसतंय, अप्पा. म्हणून तर आपण त्याच्याकडं बघत बसतो."

अप्पांचे डोळे भरून आले. इतके महिने जे ऐकायची भीती वाटत होती ते ऐकल्यावर त्यांना हलकं वाटलं, हे त्यांचं त्यांनाच नवल होतं.

मग नागम्मानं गोळीचं रडगाणं काढलं. डॉक्टर म्हणते रिकाम्या पोटी घ्या, हे म्हणतात पूजेआधी तोंडात काही नाही, आणि पूजेच्या वेळीच हात सगळ्यात वाईट. गोळीशिवाय पूजा होईना आणि पूजेशिवाय गोळी घेता येईना. "अय्या, आपल्यात काय बी खायच्या आधी लिंगाला दाखवून खात्यात. गोळीबी तशीच दाखवली, अन् तीर्थासंगं घेतली, तर चालंल का हो?"

स्वामी हसायला लागले. "अप्पा, हिला बसवा माझ्या गादीवर!" मग गंभीर होऊन म्हणाले, "पूजा लांबच पाहिजे असं कुठं हाय? पहाटे उजव्या हाताचा आधार देऊन थोडक्यात करा. गोळी अर्पण करा, तीर्थासंगं घ्या. तासाभरानं निवांत बसा, किती बसायचं तितकं."

त्या दिवशी स्वामींच्या समोरच तशी पूजा झाली. अप्पा जेवले. दुसऱ्या दिवशी मंजुषानं डॉक्टरांना हा सगळा प्रकार सांगितला, तेव्हा त्या म्हणाल्या, "रिकामं पोट, साधं पाणी, वर तासभर काही खाणं नाही. मी दुसरं काय सांगत होते? नेमाचा माणूस मला आवडतो, फक्त नेम गोळीच्या बाजूनं पाहिजे." डोस थोडा वाढवला आणि व्यायाम शिकवले. मोठ्ठी पावलं टाकत, दोन्ही हात झुलवत किल्ल्यापर्यंत चालून यायचं. आवाज खोल गेलाय म्हणून रोज खणखणीत आवाजात लिंगायत संतांची वचनं म्हणायची. "अहो, गल्ली उठली," नागम्मा आतून ओरडायची, पण तिला मनातून बरं वाटायचं.

महिन्याभरात फरक दिसायला लागला. एका सकाळी अप्पा पूजेला बसले, तळहात पुढं धरला आणि वाट बघत राहिले. हात हलला नाही. बेलाचं पान होतं तिथंच राहिलं. अप्पांना आधी भीती वाटली, मग रडू आलं, आणि मग कितीतरी दिवसांनी त्यांना नुसतं लिंग दिसलं, हात दिसला नाही. गोळीचा जोर उतरला की दुपारनंतर बोटं पुन्हा थोडी हलायची. पण ती आता सांगून येणाऱ्या पाहुण्यासारखी होती.

गावाला मात्र अप्पांनी काही सांगितलं नाही. कुणी विचारलं, "अप्पा, लिंग शांत झालं का?" तर "त्याची इच्छा," म्हणायचे आणि भांडी पुसायला लागायचे. दुखणं कबूल केलं होतं ते घरात. बाजारात मोठेपणा तसाच होता, तो काही गोळीनं उतरत नाही.

लग्नसराईच्या दिवसांत, सकाळच्या गर्दीत, मुखेडकडचं एक जोडपं दुकानात आलं. बाई पुढं, नवरा मागं पाय घासत घासत. बाईनं अप्पांच्या पायाला हात लावला. "अप्पा, मी केवळाबाई. मोबाईलवर तुमचा हात बगितला, तवापासून जीव लागलाय. ह्यांची दारू सोडवा. डोक्यावर तेवढा हात ठेवा."

अप्पांनी नवऱ्याला स्टूल दिलं. त्याचं नाव भुजंग. बसायलाही त्याला वेळ लागला.

"म्या पीत न्हाई," तो म्हणाला. आवाज इतका खोल की भांड्यांच्या खणखणाटात जेमतेम ऐकू आला.

"पीत न्हाई म्हणं!" केवळाबाई उसळली. "चालताना झोकांड्या जात्यात, बोलताना शब्द फुटंना, सकाळपासनं हात लटलट करतो. सोयऱ्यांनी लग्नाला बोलवायचं सोडलं. लेक दयानंद बापासंगं बोलत न्हाई. समदं गाव म्हणतंय, चोरून पितो."

अप्पांनी भुजंगकडं नीट पाहिलं. सदऱ्याचं वरचं बटण चुकीच्या काजात. चेहरा ढिम्म. आणि मांडीवरचा उजवा हात, अंगठा बोटांवरून फिरतोय, तंबाखू मळावी तसा. अप्पांना आपलाच हात कुणीतरी काढून त्या माणसाच्या मांडीवर ठेवल्यासारखं झालं.

त्यांचा स्वतःचा हात या घडीला शांत होता. डोक्यावर ठेवला असता तर बाई समाधानानं गेली असती. दुकानात चार गिऱ्हाइकं बघत उभी होती, त्यात मठातली दोन माणसं. अप्पांनी हात उचलला, आणि तो भुजंगच्या डोक्यावर न ठेवता त्याच्या हलत्या हातावर ठेवला.

"केवळाबाई, ही दारू न्हाई. ह्याला कंपवात म्हणत्यात. मलाबी हेच हाय."

"तुमाला? तुमच्या हातात तर देव हाय की!"

"त्या व्हिडिओत लिंग हलत नव्हतं. माझा हात हलत होता. मला तवाबी ठाऊक होतं, पण लोक पाया पडत होते म्हणून बोललो न्हाई." अप्पांनी वचनं म्हणायच्या आवाजात, सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं सांगितलं. "आता लातूरच्या डॉक्टरीणबाईची गोळी चालू हाय, म्हणून थांबलाय."

"अप्पा, काय बोलून राहिलाव?" मठातला एकजण म्हणाला.

"खरं बोलून राहिलो. हाच हात मला आला तर मी देवमाणूस झालो, अन् ह्या माणसाला आला तर दारुडा."

भुजंगच्या चेहऱ्यावरची एक रेष हलली नाही, पण डोळ्यांतून पाणी मात्र घळाघळा वाहायला लागलं. केवळाबाई नवऱ्याकडं बघत राहिली, मग तिथंच भांड्यांच्या राशीशेजारी जमिनीवर बसली.

"रोज रातच्याला तोंडाचा वास घ्यायचे हो मी ह्यांच्या," ती म्हणाली. "येक डाव पण आला न्हाई. नाकाला कळत होतं, तरी लोकाचंच खरं धरलं." आणि पदर तोंडात धरून ती रडायला लागली.

भुजंग हळूहळू स्टुलावरून पुढं वाकला आणि त्यानं तोच कापरा हात तिच्या खांद्यावर ठेवला.

"आता रडू नगं," तो म्हणाला. "लातूरची गाडी किती वाजता हाय, ते इचार."